मगदूम बाईंचा शनिवारचा पेपर

शकुंतला मगदूम यांनी गेल्या वर्षी मार्च महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारी साडेचारच्या सुमारास, साताऱ्यातल्या आपल्या स्वयंपाकघरातला गॅस बंद केला, सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढला आणि मुलाच्या हातात दिला. त्या वेळी त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं. घरात त्यांच्यासह पाच माणसं होती. कढई अजून गरम होती. ताटात थापलेल्या वड्या उत्तम झाल्या होत्या. ते सगळ्यांनी चाखून सांगितलं होतं.

साताऱ्यात त्यांना शकुंतला म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. मुलींच्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं, त्यामुळे गावात त्या मगदूम बाई. माहेर पलूसकडचं, शेतकरी जैन घर. सासर सांगलीचं. पती पाटबंधारे खात्यात होते. बदली होऊन साताऱ्याला आले, घर घेतलं आणि इथेच राहिले. ते गेल्यावर बाई पहिल्या मजल्यावरच्या त्या घरात एकट्या राहत. घरात कांदा-लसूण येत नसे आणि जेवण दिवस मावळायच्या आत होई. या दोन गोष्टींवर त्या कधी बोलत नसत. इतर सगळ्या गोष्टींवर बोलत.

मी त्यांच्या खाली, तळमजल्यावर राहतो. एका वर्तमानपत्राच्या सातारा कचेरीत मी उपसंपादक होतो. आमची ओळख फोनवर झाली. मथळ्यात एक टक्केवारी चुकली होती आणि सकाळी कचेरी उघडताच त्यांचा फोन आला. चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली, तर पुन्हा फोन: "दुरुस्ती वाचली. मात्र ती सातव्या पानावर आहे आणि चूक पहिल्यावर होती." पुढे मी त्याच इमारतीत राहायला गेलो, तेव्हा जिन्यात त्यांनी मला ओळखलं ते आवाजावरून. त्या मला संपादक म्हणत. "तुम्ही संपादक नव्हतात हे मला माहीत आहे," त्यांनी एकदा सांगितलं. "पण उपसंपादक म्हणायला फार लांब पडतं."

या सगळ्याची सुरुवात दुधापासून झाली. बाईंनी दूध तापत ठेवलं आणि त्या खाली येऊन गेटपाशी कोणाशी तरी बोलत उभ्या राहिल्या. पातेलं जळून काळं झालं, जिन्यात धूर आला, समोरच्यांनी कडी काढून गॅस बंद केला. असं कोणाच्याही घरी होतं. पण तीन आठवड्यांत ते पुन्हा झालं. मुलगा अभय सांगलीहून आला. त्याचं विश्रामबागेत ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान आहे. चाळिशीतला, बोलण्यात शांत माणूस. त्याने पातेलं पाहिलं आणि सांगितलं, "आई, आता सांगलीला चल."

"मला इथे काय धाड भरली आहे?"

"तुला नाही. डोक्याला."

हा संवाद मी ऐकला, कारण अभयने मला वर बोलावून घेतलं होतं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. वर्गात अवघड शंका आली की त्या असंच करत, हे त्यांच्या विद्यार्थिनींनी मला सांगितलं आहे. मग म्हणाल्या, "परीक्षा घे."

"कसली परीक्षा? तू रोज स्वयंपाक करतेस की."

"त्याने काही सिद्ध होत नाही. भाकरी हात करतो. आमटी हात करतो. डोकं बाहेरगावी गेलं तरी ते होत राहील. मला येत नाही असं काहीतरी करायला दे."

असं काय द्यायचं, याचं उत्तर त्यांनीच शोधलं. गावातल्या एका जुन्या वाचनालयाने जीर्ण पुस्तकं काढून टाकली होती आणि ती रद्दीच्या दुकानात आली होती. बाईंनी तिथून पाकक्रियेची तीन पुस्तकं आणली. दोन पुस्तकांचे पुठ्ठे शाबूत होते, एक पिवळा, एक विटकरी. तिसऱ्याला पुठ्ठाच नव्हता आणि पहिली काही पानंही गेली होती. त्यात ग्रॅम नव्हते, लिटर नव्हते, मिनिटं तर नव्हतीच. तोळे होते, शेर होते, "नेहमीप्रमाणे" होतं आणि जवळजवळ प्रत्येक पानावर "अंदाजाने" होतं.

"अंदाज हे परिमाण नाही," बाई म्हणाल्या. पण पुस्तकं त्यांना पसंत पडली होती. अभ्यासक्रमाबाहेरचा पेपर हवा होता, तो मिळाला होता.

नियम त्यांनी तोंडी सांगितले आणि अभयने मान्य केले. दर शनिवारी दुपारी तीनला एक पदार्थ. पूर्वी कधीही न केलेला. पुस्तकात लिहिलं आहे तसाच. कांदा, लसूण, अंडं असलेली पानं वगळायची, बाकी काही वगळायचं नाही. संपादक दाराशी खुर्चीवर बसतील, पुस्तक त्यांच्या हातात राहील, ते बोलणार नाहीत. रविवारी सकाळी अभयने त्यांना फोन करून निकाल विचारायचा. लागोपाठ दोनदा नापास झाल्या तर बाई सांगलीला जातील. नाही झाल्या, तर हा विषय घरात निघणार नाही.

शेवटचा नियम असा होता की कुठेही नोंद ठेवायची नाही. पुस्तकात खूण नाही, भिंतीवर यादी नाही. "कागदावर लिहिलं की डोक्याला सुट्टी मिळते," त्या म्हणाल्या. "कोणता पदार्थ झाला आणि कोणता राहिला, हे लक्षात ठेवणं हाही पेपरचाच भाग."

मलाच का नेमलं, असं मी विचारलं होतं. "तुम्ही काय झालं ते सांगता. बरं झालं की वाईट, ते सांगत नाही. अभयला दुसरा माणूस चालला नसता आणि मलाही."

पहिल्या शनिवारपासून पद्धत ठरून गेली. बाई कृती तीनदा वाचत. पहिल्यांदा उभ्याने, सरळ. दुसऱ्यांदा ओळीवर बोट ठेवून. तिसऱ्यांदा पुस्तक मिटून, डोळे मिटून, मनात. मग पुस्तक माझ्याकडे. त्यानंतर ते त्यांना पाहायला मिळत नसे. "साहित्य म्हणजे पक्ष," त्या सांगत. "पदार्थ म्हणजे साध्य. कृती ही सिद्धता. मधली पायरी गाळून साध्यावर उडी मारली तर गुण नाहीत." तोळ्याचे ग्रॅम त्या मनात करत. अभयने दिलेल्या छोट्या वजनकाट्यावर आकडा जुळला की मान हलवत. चव कधी पाहत नसत. परीक्षार्थीने उत्तरपत्रिका चाखायची नसते, असं त्यांचं म्हणणं.

चव पाहायचं काम शांताबाईंकडे असे. शांताबाई मेढ्याकडच्या; भांडी, केर-फरशी आणि दुपारभर सोबत यासाठी त्या अनेक वर्षं बाईंकडे येतात. परीक्षा हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. "आवं बाई, इतक्या वरसात कुणी तुमच्या हातच्याला नाव ठिवलंय का? मग ह्ये कशापायी?" पण शनिवारी त्या ओट्याजवळ पाटावर बसून राहत आणि पदार्थ झाला की बशी पुढे करत. विटकरी पुस्तकातली पडवळाची गोड खीर त्यांनी चमचाभर खाल्ली आणि बशी खाली ठेवली. मग विचारलं, "ह्ये खायाचं हाय का नुसतं बघायचं?"

"कृतीप्रमाणे झालंय का ते सांगा."

"त्ये काकांना इचारा. मला इचारलं तर पडवळाचं लय वंगाळ केलंय बगा कुणीतरी."

ती खीर पास झाली. पुस्तकाने जे सांगितलं होतं ते सगळं तिच्यात होतं.

एका कृतीत "चार आण्यांचे केशर" घ्यायला सांगितलं होतं. बाईंनी तो प्रश्न आठवडाभर सोडला नाही. पुस्तक कोणत्या साली छापलं ते पान गेलेलं. मोती चौकातल्या जुन्या काष्ठौषधीवाल्याला जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, बाई, आमच्या आजोबांना विचारायला हवं होतं. शेवटी शनिवारी तीन वाजता त्यांनी जाहीर केलं, "प्रश्न सदोष आहे. रद्द. सर्व विद्यार्थ्यांना पूर्ण गुण." आणि पुढचं पान उघडलं. रविवारी मी अभयला तेच सांगितलं. तो हसला. म्हणाला, "लहानपणी घरी अभ्यास घेताना माझा एकही प्रश्न तिने कधी रद्द केला नव्हता."

दुसऱ्या एका कृतीत खाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवायचे होते. बाईंनी शेजारच्या शेगडीवर जाड तवा तापवला आणि सांडशीने उचलून झाकणावर ठेवला, तो निवला की पुन्हा तापवला. प्रत्येक वेळी उचलण्याआधी त्या गॅस बारीक करत आणि मोठ्याने म्हणत, "डावा बारीक केला." मग, "डावा मोठा केला." ते माझ्यासाठी नव्हतं. शेवटी दोन्ही बटणांना हात लावून त्या म्हणत, "दोन्ही बंद." प्रत्येक शनिवार या दोन शब्दांनी संपत असे.

नापास त्या एकदाच झाल्या. डिसेंबर होता. पुठ्ठा नसलेल्या पुस्तकातली बाजरीच्या पिठाची, खारीक घातलेली गुळपापडी. एक शेर पीठ, चाळीस तोळे गूळ, तीस तोळे तूप. बाईंनी सगळं पावपटीने घेतलं. पायऱ्या बिनचूक झाल्या, गॅस वेळेवर बंद झाला. पण थापायला घेतलेलं पीठ कोरडंच. वडी पडेना, सुरी लावली की भुगा. शांताबाई म्हणाल्या, "दुधात कालवून खाऊ की. वाया थोडंच जातंय."

रविवारी अभयचा फोन आला. मी सांगितलं, "पदार्थ बिघडला. कृतीत एकही पायरी चुकली नाही."

"म्हणजे पास की नापास, काका?"

मी फोन वर नेऊन बाईंना दिला. "नापास," त्या म्हणाल्या. "पेपर कठीण होता हे कारण नसतं."

पुढच्या शनिवारी चुकलं असतं तर घर बंद होणार होतं. त्या आठवड्यात बाई फिरायलाही बाहेर पडल्या नाहीत. पुठ्ठा नसलेलं पुस्तक त्यांनी पहिल्यापासून वाचून काढलं आणि गुरुवारी सकाळी मला वर बोलावलं. चेहरा फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचा.

"हे पाहा. तूप, गूळ, साखर कायम तोळ्यांत. पीठ, रवा, धान्य कायम शेरात. आणि इथे, या पानावर, 'दीड मापटे रवा'. मापट्यासारखं भांडं भरून रवा मोजणारी बाई पीठ तागडीत टाकेल का? तिचा शेर मापाचा आहे. मी वजनाचा धरला. पीठ हलकं असतं. वजनाने घेतलं की जास्त येणार आणि तूप कमी पडणार. मी पक्ष चुकीचा वाचला."

त्यांनी अभयला फोन करून हेच सांगितलं, सूट मागण्यासाठी नव्हे, चूक कळली म्हणून. शुक्रवारी एसटीच्या पार्सलने एक पुडकं आलं. त्यात लोखंडी चिपटं होतं, म्हणजे पाव शेराचं जुनं माप. अभयने ते कवठे महांकाळच्या एका गिऱ्हाइकाकडून मिळवलं होतं. आईने सांगलीला यावं म्हणून जो मुलगा दर रविवारी निकाल विचारत होता, त्यानेच ते पाठवलं होतं. मी फोनवर तसं म्हणालो. तो म्हणाला, "ती हरून आली तर घरात बोलणार नाही, काका. मला ती तशी नको आहे."

त्या शनिवारी बाईंनी तीच गुळपापडी पुन्हा केली. नापास झालेला पेपर पुन्हा देता येतो, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि अभयनेही मान्य केलं. वड्या पडल्या. शांताबाईंनी चार घरी नेल्या.

फेब्रुवारीतले दोन शनिवार मी पुण्यात मुलीकडे होतो. माझ्या खुर्चीवर शांताबाई बसल्या. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे बाई पुस्तक मिटून कपाटावर ठेवत. अभयने फोन केला तेव्हा शांताबाईंनी दोन्ही वेळा सांगितलं, "समदं ब्येस झालं." कोणते पदार्थ, हे त्याने विचारलं नाही. परत आल्यावर मीही विचारलं नाही.

मार्चमध्ये अभय आणि त्याची पत्नी स्मिता एका लग्नासाठी साताऱ्यात येणार होते. बाईंनी त्या शनिवारसाठी पिवळ्या पुस्तकातला सगळ्यांत लांब पेपर निवडला: गव्हाच्या सत्त्वाच्या वड्या. त्यासाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून, गाळून चीक खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं आणि साखरेच्या पाकात, तूप सोडत, घोटायचं. बुधवारी त्यांनी गहू भिजवले. रोज सकाळी पाणी बदलल्याचा आवाज मला खाली येत होता.

शनिवारी त्या तीन वाजता उभ्या राहिल्या आणि सव्वाचारपर्यंत घोटत होत्या. स्मिता दोनदा म्हणाली, "आई, जरा मी घोटू का?" दोन्ही वेळा उत्तर आलं, "परीक्षा चालू आहे." मी ओळ-ओळ ताडून पाहत होतो. एकही पायरी चुकली नाही. तूप कडेने सुटलं, गोळा झाला, ताटात थापला गेला. "दोन्ही बंद," बाई म्हणाल्या.

वड्या कापल्या गेल्या. अभयने एक खाल्ली, दुसरी घेतली. म्हणाला, "आई, आता रविवारचा फोन बंद करू या. तू इथेच राहा." स्मिताने मान हलवली. बाई खुर्चीत बसल्या. शनिवारी ओट्यापाशी बसलेलं मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

शांताबाईंनी बशी संपवली आणि कौतुकाने म्हणाल्या, "मागल्या बारीपरीस ह्या बारीला ब्येस झाल्यात. तवा जरा चिवट झालत्या."

बाईंनी विचारलं, "मागच्या बारीला म्हणजे?"

शांताबाईंच्या लक्षात आलं. "न्हाई वो. मीच चुकले. त्ये दुसरं काय तरी व्हतं."

"शांताबाई."

शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग अभयकडे. "काका पुन्याला गेलते तवा. गहू आपुन दोघींनीच वाटलं. चीक ओतताना तुमच्या लुगड्यावर सांडला, मीच धुतलं न्हाई का?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला. बराच वेळ पुसला. "नाही आठवत," त्या म्हणाल्या. "गहू भिजवलेले आठवत नाहीत. पाणी बदललेलं आठवत नाही. सांडलेलं आठवत नाही."

"आई, आम्हालाही परवा काय खाल्लं ते आठवत नाही," अभय म्हणाला. "आणि नियम दोनदाचा आहे. लागोपाठ दोनदा. ही फार तर एक झाली."

"चूक कळली असती तर एक धरली असती. डिसेंबरातली मला कळली. ही मला सांगावी लागली." त्यांचा आवाज वर्गातला होता, चढलेला नव्हता. "अशा किती असतील ते मला मोजता येणार नाही. तुलाही येणार नाही. ज्याला आपल्या चुका मोजता येत नाहीत त्याने पेपर तपासू नये आणि गॅसही पेटवू नये."

"आई, मी म्हणतोय ना, राहा."

"तू आता दयेने गुण देतोस, अभय. दूध जळलं तेव्हा तू बरोबर होतास."

त्या उठल्या. पुढे काय झालं ते सुरुवातीला दिलं आहे. रेग्युलेटर हातात घेऊन अभय उभा होता. तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. त्याने तो शर्टाच्या खिशात घालून पाहिला, तो मावला नाही. शांताबाई भांडी घासायला घेत म्हणाल्या, "म्या त्वांड उघडलं नसतं तर." बाईंनी त्यांना सांगितलं, "तुम्ही खरं सांगितलंत. या घरात त्याला पूर्ण गुण आहेत." मग त्यांनी दिवस मावळायच्या आत सगळ्यांना जेवायला बसवलं. वड्यांबरोबर खायला स्मिताने समोरच्यांच्या घरून भात करून आणला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाई सांगलीला गेल्या. पुस्तकं त्यांनी परत रद्दीच्या दुकानात दिली. "दुसऱ्या कोणाला पेपर हवा असेल," म्हणाल्या. मी एखादं मागून घ्यावं का, याचा विचार करीपर्यंत ती गेली होती.

मी त्यांना त्यानंतर एकदाच भेटलो, गेल्या दिवाळीनंतर. सांगलीत एक काम होतं, ते आटोपून विश्रामबागेत गेलो. बाई दिवाणखान्यात बसल्या होत्या. त्यांनी मला संपादक म्हणून हाक मारली आणि त्या दिवशीच्या पेपरातली एक चूक दाखवली. चूक खरी होती. सातारच्या घराविषयी त्यांनी विचारलं नाही. शांताबाईंविषयी विचारलं. त्या खालच्या माझ्याच घरी आता येतात, असं मी सांगितलं.

स्मिता चहाला उठली तेव्हा हळूच म्हणाली, "आई इथे स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत, काका. मी किती वेळा म्हटलं, नुसत्या येऊन बसा. म्हणतात, ते तुझं आहे."

थोड्या वेळाने बाई उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"आई, विचारताय काय? या की," स्मिता म्हणाली.

त्या आत गेल्या. ओट्यावर हात ठेवून सगळीकडे एकदा पाहिलं आणि मीठ कुठे असतं ते विचारलं. स्मिताने फळीवरचा डबा उघडून दाखवला. त्या बाहेर येऊन माझ्याशी थोडं बोलल्या, पुन्हा उठून दाराशी गेल्या, आत येऊ का म्हणून विचारलं आणि मीठ कुठे असतं ते विचारलं.

स्मिताने पुन्हा डबा उघडून दाखवला.